‘कच्ची नोंद’ : एका समजुतीची चिकित्सा

१

प्रायोगिक विज्ञानांच्या प्रबंधांत ‘कच्ची नोंद’ हा शब्द अलीकडे फार निःशंकपणे वापरला जातो. संवेदकाकडून निघालेला संकेत संगणकात जसा उतरला तसाच ठेवला आहे, त्याला कोणाचा हात लागलेला नाही, असे आश्वासन ह्या शब्दातून वाचकाला मिळते. त्या नोंदीवर पुढे जे गणित झाले असेल त्याची परीक्षक कसून झडती घेतात. सरासरी कशी काढली, वक्र कोणत्या रीतीने बसविला, त्रुटीचा अंदाज कसा केला, हे सर्व विचारले जाते. नोंद स्वतः मात्र प्रश्नांच्या पलीकडे राहते. मौखिक परीक्षेत ‘हे आकडे यंत्राने दिले’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते, आणि यंत्राने ते कसे दिले ह्याची विचारपूस सहसा होत नाही.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. संगणकात उतरलेला प्रत्येक अंक हा निसर्गाने जसाच्या तसा हाती दिलेला नसतो. तो निर्णयांच्या एका मालिकेचा शेवट असतो. संवेदकाला किती विद्युत् दाब पुरवावा, त्याच्याकडून आलेला क्षीण संकेत किती पटींनी वाढवावा, त्यातील कोणत्या वारंवारता अडवाव्यात, सेकंदाला किती नमुने घ्यावेत आणि कशाला शून्य मानावे, हे सर्व अंक जन्माला येण्यापूर्वीच ठरलेले असते. ह्यांपैकी काही निर्णय मागाहून फिरविता येतात. काही कधीच फिरविता येत नाहीत. ‘कच्ची नोंद’ ह्या शब्दाचा खरा दोष हा की, तो हा भेदच झाकून टाकतो.

ह्या पूर्वतयारीला अभियंते ‘सिग्नल कंडिशनिंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘संकेत-संस्करण’ म्हणता येईल, आणि हा शब्द मुळापेक्षा अधिक बोलका ठरतो. भारतीय परंपरेत संस्काराला दोन बाजू आहेत : असलेला दोष काढणे ही एक, आणि नसलेला गुण घालणे ही दुसरी. आयुर्वेदात तर द्रव्याच्या मूळ गुणांत पालट घडवून आणणे हाच संस्काराचा अर्थ मानला आहे. पाठ्यपुस्तके संकेत-संस्करणाचे वर्णन करताना बहुधा पहिल्याच बाजूवर थांबतात. संकेत ‘स्वच्छ’ केला, गोंगाट काढला, एवढेच सांगितले जाते. संस्करणाने संकेतात काही घातलेही जाते, आणि पुष्कळदा ते घातल्यावाचून त्याला अर्थच येत नाही, ही दुसरी बाजू दुर्लक्षित राहते. तेव्हा प्रथम एका साध्या उदाहरणावरून ह्या दोन्ही बाजू पाहणे इष्ट होईल.

२

तपयुग्म, म्हणजेच प्रयोगशाळेच्या नित्य बोलीतले थर्मोकपल, हे तापमापनाचे अत्यंत परिचित साधन. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाशी जोडल्या आणि त्या जोडाचे तापमान दुसऱ्या टोकांच्या तापमानाहून वेगळे असले, की त्या टोकांमध्ये अल्प विद्युत् दाब निर्माण होतो. ‘के’ प्रकारच्या तपयुग्मात हा दाब साधारण तापमानाच्या आसपास दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. १००० अंशांवर, दुसरे टोक शून्य अंशावर असताना, तो ४१.२७६ मिलिव्होल्ट होतो. विजेच्या भट्टीचे तापमान नोंदविण्यासाठी हे तपयुग्म थेट संगणकाच्या परिवर्तकाला जोडले, तर काय घडेल?

समजा, परिवर्तक १२ बिटांचा आहे आणि त्याची कक्षा ० ते १० व्होल्ट आहे. १० व्होल्टांचे ४०९६ भाग केले म्हणजे एक पायरी २.४४ मिलिव्होल्टांची होते. तपयुग्माच्या हिशेबाने ही एक पायरी सुमारे ६० अंशांची ठरते. भट्टीचे तापमान ५९ अंशांनी वाढले तरी संगणकातील अंक हलणार नाही, असा प्रसंग येईल. ह्या नोंदीला कोणाचाही हात लागलेला नाही. ‘कच्ची’ म्हणून तिच्याइतकी शुद्ध नोंद दुसरी नसेल. आणि ती निरुपयोगी आहे. हाच संकेत विवर्धकाने २०० पट वाढविला, तर एक पायरी मूळ संकेताच्या ०.०१२२ मिलिव्होल्टांएवढी, म्हणजे सुमारे ०.३ अंशांची होते. आता नोंदीला अर्थ आला, पण तो २०० ह्या गुणकाच्या आश्रयाने आला. विवर्धकाचा हा गुणक प्रत्यक्षात २०० नसून २०२ असेल, तर सर्व नोंद एक टक्क्याने खोटी होते, आणि अंकांकडे कितीही निरखून पाहिले तरी त्यांतून हे कळण्याची सोय नसते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. तपयुग्म तापमान मोजत नाही. ते तापमानांतील फरक मोजते. तारा यंत्राच्या ज्या अग्रांना जोडल्या ती अग्रे शून्य अंशावर नसतात. खोलीत ३० अंश असतील, तर १.२०३ मिलिव्होल्टांची भर घातल्यावाचून कोष्टकातून भट्टीचे तापमान वाचता येत नाही. ही भर घालण्यासाठी त्या अग्रांचे तापमान दुसऱ्या संवेदकाने मोजावे लागते. कित्येक प्रयोगांत ते २५ अंश ‘धरून’ चालतात. असे धरलेले असताना सकाळी खोलीत २२ अंश आणि दुपारी ३५ अंश झाले, तर भट्टीचे तापमान स्थिर असूनही नोंदीत १३ अंशांचा दैनंदिन चढउतार दिसेल. तो चढउतार भट्टीचा नसून खोलीचा होय. ह्या ठिकाणी संस्करण म्हणजे दोष काढणे नव्हे. संवेदकाला अंगभूत नसलेले ज्ञान त्याच्या संकेतात घालणे होय.

स्ट्रेनगेजच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. १२० ओहम रोधाची आणि २ गुणकाची पट्टी पोलादाच्या तुळईवर चिकटविली, आणि तुळईची लांबी हजारात एका भागाने वाढली, तर पट्टीचा रोध केवळ ०.२४ ओहमने वाढतो. व्हीटस्टन सेतूला ५ व्होल्ट पुरविले, तर त्यातून सुमारे २.५ मिलिव्होल्ट मिळतात. पट्टीपासून सेतूपर्यंतच्या दोन तांब्याच्या तारांचा रोध मिळून १ ओहम असेल आणि उन्हाने त्या १० अंशांनी तापल्या, तर तांब्याचा रोध ०.०३९ ओहमने वाढतो. सेतूच्या दृष्टीने हा पट्टीचाच ताण असतो, आणि त्याचे मूल्य लांबीच्या दशलक्ष भागांत सुमारे १६० भाग इतके भरते. तिसरी तार जोडून हा दोष सेतूतच परस्पर रद्द करण्याची युक्ती जुनी आणि सर्वमान्य आहे. पण ती तार जोडली होती की नाही, हे प्रबंधात क्वचितच लिहिलेले आढळते.

३

येथवरच्या त्रुटी परिमाणाच्या होत्या. काळाच्या बाबतीत होणारी त्रुटी अधिक फसवी असते, कारण तिच्यात चुकीचे मूल्य चुकीचे म्हणून दिसत नाही. ते एखाद्या खऱ्या घटनेचे रूप धारण करते.

अखंड बदलणारा संकेत संगणक अखंड पाहत नाही. ठरावीक अंतराने त्याचे नमुने घेतो. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये ज्या सिद्धांताला रूप दिले त्याचा आशय असा की, संकेतात जी सर्वोच्च वारंवारता असेल तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तरच त्या नमुन्यांतून मूळ संकेत निःसंदिग्धपणे परत उभा करता येतो. हा सिद्धांत सर्व विद्यार्थ्यांना पाठ असतो. तो उपयोगात आणताना मात्र त्यातील एक शब्द नकळत बदलला जातो. ‘संकेतात असलेली सर्वोच्च वारंवारता’ ह्याऐवजी ‘आपल्याला हवी असलेली सर्वोच्च वारंवारता’ असे त्याचे वाचन होते. भट्टीचे तापमान सावकाश बदलते; सेकंदाला १० नमुने तिला भरपूर झाले; मग सिद्धांताची अट पुरी झाली, असा हा युक्तिवाद असतो. पण सिद्धांत संशोधकाच्या इच्छेविषयी बोलत नाही. तारांतून जे काही येत आहे, हवे असो वा नको असो, त्या सर्वाविषयी तो बोलतो.

विजेच्या भट्टीजवळून गेलेल्या तारांत वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट शिरणे अगदी स्वाभाविक आहे. सेकंदाला १० नमुने घेतले आणि वारंवारता बरोबर ५० हर्ट्झ असली, तर प्रत्येक नमुना तरंगाच्या एकाच अवस्थेत घेतला जाईल आणि गोंगाट एखाद्या स्थिर दाबासारखा भासेल. परंतु वीजजालाची वारंवारता तंतोतंत ५० वर स्थिरावत नाही. ती किंचित खालीवर होत असते. ती ४९.९५ हर्ट्झ असताना हाच गोंगाट ०.०५ हर्ट्झच्या, म्हणजे २० सेकंदांना एक आवर्तन घेणाऱ्या, संथ लाटेच्या वेषात नोंदीत अवतरेल. गोंगाटाचा आयाम १ मिलिव्होल्ट असेल, तर ती लाट दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांची दिसेल. तापमान-नियंत्रक जेव्हा भट्टी चालू-बंद करतो तेव्हा अशाच लाटा खरोखरीच उठतात. म्हणून नोंद पाहणारा संशोधक त्या लाटेचे कारण नियंत्रकात शोधेल, त्याच्या घटकांची मूल्ये बदलेल, आणि कदाचित तिच्यावर एक प्रकरणही लिहील.

ह्यावर मागाहून उपाय नाही, हा मुद्दा नीट लक्षात घेतला पाहिजे. नमुने घेतल्यावर ती लाट आणि भट्टीची खरी लाट ह्यांत भेद करील असे कोणतेही गणित नाही, कारण दोन्हींचे नमुने तेच आहेत. उपाय नमुने घेण्यापूर्वीच, वरच्या वारंवारता अडविणारा छानक बसवून, करावा लागतो. आणि छानक म्हणजे पुन्हा एक निर्णय. १ हर्ट्झला तोडणारा साधा एकपदी छानक ५० हर्ट्झचा गोंगाट सुमारे पन्नासपट कमी करतो. वरच्या उदाहरणातील २४ अंश अर्ध्या अंशावर येतात, नाहीसे होत नाहीत. त्याच वेळी हा छानक प्रत्येक खऱ्या बदलालाही सुमारे ०.१६ सेकंदाच्या कालांकाने मागे खेचतो. भट्टीला ह्याचे काही वाटत नाही. पण तेच यंत्र उचलून ज्वलनाच्या प्रयोगाला लावले, तर ज्योतीच्या तापमानातील क्षणिक उसळी छानकाच्या संथपणात बुडून जाईल, आणि नोंद मात्र अत्यंत गुळगुळीत, म्हणून अत्यंत विश्वासार्ह, भासेल.

४

ह्या विवेचनावर आज एक वजनदार आक्षेप घेतला जातो, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. परिवर्तक स्वस्त झाले आहेत, संगणकाची साठवण जवळजवळ फुकट झाली आहे. तेव्हा २४ बिटांचा परिवर्तक घ्यावा, शक्य तितक्या वेगाने सर्व काही साठवावे, आणि निवडीचे काम निवांतपणे संगणकावर करावे. अशाने पूर्वीचे बिकट निर्णय घेण्याची वेळच येणार नाही, असे ह्या पक्षाचे म्हणणे आहे.

ह्यात तथ्य आहे. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. ५ व्होल्टांच्या कक्षेत एक पायरी ०.३ मायक्रोव्होल्टांची होते, आणि तपयुग्माचा संकेत न वाढविताही वाचता येतो. परिवर्तकाच्या स्वतःच्या गोंगाटामुळे तळचे काही बिट अर्थहीन ठरतात हे खरे असले, तरी विवर्धनाचा निर्णय पूर्वीइतका निर्णायक उरलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु आक्षेप ह्यापुढे जात नाही. परिवर्तकाच्या कक्षेबाहेर गेलेला संकेत कक्षेच्या टोकाशी कापला जातो, आणि कापलेला भाग कितीही बिटांनी परत येत नाही. नमुन्यांचा वेग कितीही वाढविला तरी त्याच्या निम्म्याहून वरची वारंवारता वेषांतर करणारच. ज्या अग्रांचे तापमान त्या वेळी मोजलेच नाही, ते मागाहून कोणत्या साठवणीतून काढणार? शिवाय अशा परिवर्तकांपैकी पुष्कळांच्या पोटातच एक छानक असतो. सेकंदाला १० नमुने ह्या मंद गतीला ५० आणि ६० ह्या दोन्ही हर्ट्झचा गोंगाट गाळला जावा अशी त्याची योजना पुष्कळदा केलेली असते. म्हणजे निर्णय टळला नाही. तो दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या कारणासाठी, आधीच घेऊन ठेवला.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगांतून आज सर्रास दिसणाऱ्या अंकीय संवेदकांत तर संपूर्ण संस्करण एका लहानशा चकतीत दडलेले असते. डीएस१८बी२० हा तापसंवेदक तीन तारांनी जोडला की सरळ अंक देतो. त्याची सर्वांत बारीक पायरी ०.०६२५ अंशाची आहे, आणि त्याची अचूकता, उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात, अधिक-उणे ०.५ अंशाची आहे. पडद्यावर चार दशांश स्थळे दिसतात म्हणून ती प्रबंधात उतरविली जातात, आणि त्यांपैकी पहिलेच स्थळ शंकास्पद आहे, हे विसरले जाते. पूर्वी संस्करण विद्यार्थ्याच्या हाताखालून जात असे. विवर्धकाचा गुणक त्याला रोध निवडून ठरवावा लागे, आणि चूक झाली तरी ती त्याच्या दृष्टीस पडण्याची शक्यता असे. आता संस्करण अदृश्य झाले आहे, आणि अदृश्य झालेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. ‘कच्ची नोंद’ ह्या शब्दाचा प्रसार नेमका ह्याच काळात व्हावा, हा योगायोग नव्हे.

५

तेव्हा खरा भेद ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असा नाही. फिरविता येणारे संस्करण आणि न फिरविता येणारे संस्करण असा आहे. ह्याची प्रचीती देणारे एक प्रसिद्ध उदाहरण अंटार्क्टिकावरील ओझोनच्या मापनाचे आहे. फारमन, गार्डिनर आणि शँकलिन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हॅली येथील जमिनीवरील मोजणीवरून तेथील वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत असल्याचे जाहीर केले. १९७८ मध्ये सोडलेला निंबस-७ हा अमेरिकी उपग्रह त्याच प्रदेशावरून मापन करीत होता. त्याच्या संगणकाने ती कमी मूल्ये ‘फेकून दिली’, अशी कथा पुढे रूढ झाली. वस्तुतः १८० डॉब्सन एककांखालील मूल्यांवर शंकेची खूण केली जात होती. मोजणी शाबूत होती. म्हणूनच १९८६ मध्ये त्याच उपग्रहाच्या नोंदींतून ओझोनच्या ह्या विवराचा विस्तार दाखविता आला. येथे चाळणी संगणकात, नोंदीनंतर, लागली होती, म्हणून ती उचलता आली. तीच चाळणी जर परिवर्तकापूर्वीच्या विद्युत् मंडलात असती, तर उचलण्याजोगे काही उरलेच नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचे उदाहरण कोयनेचे आहे. त्यात संकेत प्रथम संगणकात नव्हे, तर प्रकाशचित्रणाच्या रीतीने रेषारूपाने नोंदला गेला, आणि मागाहून हाताने अंकांत आणला गेला. त्यामुळे एरवी यंत्राच्या पोटात लपणारे निर्णय येथे उघड्यावर दिसतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या काही खंडांत, मागील बाजूचा उतार जेथे बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या मार्गिकेत बसविलेल्या त्वरणलेखकाने त्या हालचालीचा आलेख टिपला. धरणाच्या अक्षाला समांतर ०.६३, अक्षाला लंब ०.४९ आणि ऊर्ध्व दिशेत ०.३४, ही त्याची शिखरमूल्ये गुरुत्वत्वरणाच्या पटीत नेहमी उद्धृत केली जातात. धरणाच्या आखणीत भूकंपासाठी क्षितिजसमांतर गुणक ०.०५ धरलेला होता. ह्या दोन आकड्यांच्या शेजारामुळेच कोयनेचा आलेख धरणांच्या भूकंपसुरक्षेच्या अभ्यासातील एक मूलाधार बनला. रुरकीच्या जयकृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी ह्यांनी १९६९ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चोप्रा आणि चक्रवर्ती ह्यांनी १९७३ मध्ये त्याच्या आधारे धरणाच्या हानीची मीमांसा केली. आणि आबाकस ह्या प्रचलित संगणक-प्रणालीच्या उदाहरणसंग्रहातही कोयना धरणाचे उदाहरण समाविष्ट आहे.

आलेखाची रेषा अंकांत आणताना पहिला प्रश्न येतो शून्याचा. त्वरणाची आधाररेषा कोठे धरावी? समजा, ती गुरुत्वत्वरणाच्या केवळ एक सहस्रांशाने वर-खाली धरली गेली. आलेखावरील रेषेच्या जाडीत ही चूक सहज लपेल, आणि ०.४९ ह्या शिखरमूल्यावर तिचा परिणाम जवळजवळ शून्य होईल. पण त्वरणाचे दोनदा समाकलन करून विस्थापन काढले, तर ही चूक काळाच्या वर्गाने वाढत जाते. १० सेकंदांत ती ४९ सेंटिमीटर होते. म्हणजे जमीन हललीच नसताना ती अर्धा मीटर सरकली, असे गणित सांगेल. ह्याच कारणाने त्रिफुनाक ह्यांनी १९७१ मध्ये आधाररेषेच्या दुरुस्तीची पद्धत मांडली, आणि त्या काळी ०.०७ ते २५ हर्ट्झ एवढाच पट्टा विश्वसनीय मानून बाकीचा गाळण्याची रीत पडली. ह्या गाळणीने खोटे विस्थापन गेले, हे खरे. पण भूकंपाने जमीन कायमची सरकली असेल, तर तेही त्याच गाळणीतून गेले. शिखर-त्वरण हवे असणाऱ्याला एक संस्करण निरुपद्रवी असते, तेच संस्करण विस्थापन हवे असणाऱ्याला घातक ठरते. संस्करण चांगले की वाईट, हे प्रयोजनावाचून ठरविता येत नाही.

येथे एक आदर्श घालून देण्यात आला, त्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ पासून भूकंपांच्या त्वरणालेखांची जी खंडमाला प्रसिद्ध केली, तिच्या पहिल्या खंडात असंस्कारित अंक दिले, आणि दुसऱ्या खंडात संस्कारित त्वरण आणि त्यावरून काढलेले वेग-विस्थापन दिले. पहिला खंडही पूर्णार्थाने ‘कच्चा’ नव्हता, कारण जाड रेषेचा मध्य कोठे हे कोणीतरी माणसानेच ठरविले होते. तरीही दुसऱ्या खंडातील प्रत्येक निर्णय पहिल्या खंडाशी ताडून पाहण्याची सोय वाचकाला मिळाली. उलटपक्षी, आजच्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा काळ आणि त्वरण असे दोन स्तंभ तेवढे येतात. त्यांच्यावर कोणती दुरुस्ती झाली होती, हे न विचारता तो त्यांवर नव्या धरणाची परीक्षा करतो.

६

हा प्रश्न विज्ञानापुरताच मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली. आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. तेथेही असंख्य पोथ्यांच्या गोंगाटातून एक पाठ निवडायचा होता, आणि निवड म्हणजे नकार हे तेथेही अटळ होते. पण त्या आवृत्तीचे थोरपण निवडलेल्या पाठाइतकेच पानाच्या तळाशी छापलेल्या नाकारलेल्या पाठांत आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला तो फिरविण्याची साधने संपादकानेच पुरविली आहेत. ह्या आवृत्तीला कोणी ‘कच्चे महाभारत’ म्हणत नाही, आणि तरीही तिची विश्वसनीयता कमी होत नाही. उलट ह्या उघडेपणामुळेच ती वाढते.

संकेत-संस्करणाला हा दंडक तंतोतंत लावता येत नाही, हे खरे. छानकाने अडविलेला भाग तळटीपेत छापता येत नाही; तो गेलेला असतो. परंतु म्हणूनच, जे नाकारले ते देता येत नसेल तर कोणत्या नियमाने नाकारले ते तरी दिलेच पाहिजे, ही जबाबदारी अधिक कडक होते. संवेदकाचा प्रकार आणि त्याला पुरविलेला दाब. विवर्धकाचा मोजलेला, नुसता छापील नव्हे, असा गुणक. छानकाचा प्रकार, पदसंख्या आणि तोडवारंवारता. नमुन्यांचा वेग, परिवर्तकाचे बिट आणि कक्षा. संदर्भ-अग्राचे तापमान कसे मोजले किंवा काय धरले. आणि प्रमाणीकरणाची तारीख : एवढा मजकूर प्रबंधाच्या अर्ध्या पानात मावतो. त्याच्या जोडीला दोन नोंदी ठेवाव्यात. संवेदक काढून आणि अग्रे एकमेकांना जोडून घेतलेली एक नोंद, जिच्यात यंत्राचा स्वतःचा गोंगाट दिसतो. आणि ज्ञात मूल्य देऊन घेतलेली दुसरी, जिच्यात संपूर्ण मालिकेचा गुणक पडताळून पाहता येतो. भट्टीच्या उदाहरणातील २० सेकंदांची लाट, भट्टी तापलेली असताना तिचा पुरवठा काही मिनिटे बंद करून पाहिले असते, तर बहुधा तेव्हाच उघडी पडली असती. कारण नियंत्रकाची लाट पुरवठ्याबरोबर थांबते, पण शेजारच्या तारांतून शिरणारा गोंगाट थांबत नाही.

ह्या चिकित्सेचा रोख ‘सर्व नोंदी मानवनिर्मित, म्हणून सर्व सारख्याच संशयास्पद’ अशा निष्कर्षाकडे नाही. तो निष्कर्ष ‘कच्ची नोंद’ ह्या समजुतीइतकाच आळशी आहे. एकाने चौकशी अनावश्यक ठरते, दुसऱ्याने ती व्यर्थ ठरते. कोयनेच्या भेगा खऱ्या होत्या, भट्टीचे तापमानही खरे असते. त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग मात्र विवर्धक, सेतू आणि छानक ह्यांतूनच जातो, आणि त्या मार्गावरील प्रत्येक वळणाला एक कारण असते. ते कारण लिहून ठेवलेले असेल, तर नोंदीवर विश्वास ठेवता येतो आणि गरज पडल्यास तिच्याशी वादही घालता येतो. म्हणून परीक्षकांनी ‘नोंद कच्ची आहे काय?’ हा प्रश्न सोडून ‘नोंदीवर कोणते संस्कार झाले, आणि त्यांपैकी कोणते परत फिरविता येतील?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ज्या प्रबंधात नाही, त्यातील आकडे, त्यांना दशांश स्थळे कितीही असोत, पुराव्याच्या पदवीला पोचलेले नाहीत, असेच मानले पाहिजे.